शाबूत काच

माझ्या कामात चहा पुष्कळ मिळतो, विश्वास मिळत नाही. ज्याच्या घराला तडा गेलेला असतो त्याला वाटतं, हा माणूस कंपनीचा. कंपनीला वाटतं, चहा पिऊन पिऊन हा गावाच्या बाजूचा झाला. आणि मी? हे दोघे माझ्यापासून काय लपवताहेत, याचाच विचार करत मी कपातला चहा संपवतो. तिघांच्या संशयावर माझा संसार वर्तकनगरच्या एका जुन्या वसाहतीत बऱ्यापैकी चालला, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

‘कामातल्या गमती लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं होतं. लिहायला मी फार दिवस लावले. एक तर मी सावकाश लिहिणारा. त्यात माझं लिहिलेलं आजवर आधी माझी बायको नलिनी वाचायची. ती शाळेत मराठी शिकवत होती. माझे अहवालसुद्धा लाल पेनाने तपासायची आणि म्हणायची, “अहो, भिंतीला तडा ‘आढळून आला’ कशाला? तडा आहे. आहे म्हणा की.” ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. आता एक वाक्य लिहिलं की ते बराच वेळ तसंच समोर ठेवतो. कोणी काही म्हणत नाही, मग पुढचं लिहितो.

माझं काम थोडक्यात असं. कुठे जमिनीखाली बोगदा खणायचा असतो, कुठे शेजारच्या प्लॉटवर इमारतीसाठी खोल खड्डा. त्याच्या आजूबाजूच्या घरांना तडे जातात, किंवा गेलेले असतात. हे तडे खोदाईमुळे गेले की आधीचेच होते, यावर भांडण लागतं. ते भांडण कोर्टात जाण्याआधी दोन्ही बाजूंनी मान्य केलेला कोणीतरी लागतो, तो मी. माझी फी कंपनी देते. म्हणून मघाशी म्हटलं, विश्वासाचं काय ते.

भेगेला वय असतं. ताजी भेग आतून स्वच्छ असते, कडा धारदार, नुकत्या मोडलेल्या बिस्किटासारख्या. जुनीत धूळ बसते, मुंग्या वाट करतात, आणि मुख्य म्हणजे रंग आत उतरतो. डोंबिवलीला एका सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला हात धरून आत घेऊन गेले. म्हणाले, शेजारच्या खोदाईने गेल्याच आठवड्यात भिंत फाटली. भिंतीवर पतपेढीचं भलंमोठं कॅलेंडर होतं. भेग कॅलेंडरच्या वरून आत शिरून खालून बाहेर पडत होती. मी कॅलेंडर उचललं. आत पिस्ता, त्याखाली गुलाबी, त्याखाली चुना. घरातल्या सगळ्या लग्नांचे रंग त्या भेगेत उतरलेले होते. मधोमध एक कोळी जाळं विणून निवांत बसला होता.

“हा केव्हाचा?” मी विचारलं.

गृहस्थ डगमगले नाहीत. “भेग नवीनच आहे हो. कोळी भाड्याने आलाय.”

कंपन्याही काही कमी नसतात. एकदा तर एका गल्लीला कंपनीने गणपतीनिमित्त घरं फुकट रंगवून दिली. लोक खूश. माझी पाहणी गणपतीनंतर ठरलेली होती. गेलो तर सगळ्या भेगा पुट्टीखाली गडप आणि प्रत्येक दारात कंपनीचे अधिकारी पेढे घेऊन उभे.

असं सगळं बघून आमच्या धंद्यात एक पद्धत पडली आहे. भेग अजून वाढते आहे का, हे पाहायला आम्ही तिच्यावर आडवी एक काचेची पट्टी बसवतो. बोटभर लांब, पातळ. तिची दोन टोकं भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरने घट्ट चिकटवायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच वाकत नाही, फुटते. फुटली तर भेग जिवंत, नाही फुटली तर मेलेली. इंग्रजीत या पट्टीला चहाडखोर अशा अर्थाचं नाव आहे. आम्ही नुसतं ‘काच’ म्हणतो. काचेवर लाल ऑइलपेंटने मी घराची खूण आणि तारीख लिहितो, म्हणजे बदलाबदली नको.

आणि पद्धत अशी की, काचेचा अर्थ घरमालकाला सांगायचा नाही. फुटली तर आपला दावा खरा ठरतो हे कळलं, की दुसऱ्या दिवशी काच फुटलीच म्हणून समजा. लाटण्याचा एक टोला पुरतो. म्हणून काच लावताना आम्ही एवढंच म्हणतो, “हिला हात लावू नका. सांभाळा.” मला हे माझ्या वरिष्ठांनी शिकवलं, मी पुढे चार जणांना शिकवलं. यात कधी काही चुकेल असं वाटलं नव्हतं.

शीळफाट्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत. वस्ती आगऱ्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. जवळच्या डोंगरातून बोगदा चालला होता, गावाच्या कडेच्या घरांच्या जवळजवळ खालून. दिवसातून ठरलेल्या वेळी आत सुरुंग उडायचे. आवाज असा येत नसे. पायाखालून कोणीतरी एकदाच धक्का दिल्यासारखं व्हायचं आणि मांडणीवरची भांडी किणकिणायची. कंपनीने कंपनं मोजायचं यंत्र बसवलं होतं आणि यंत्राच्या मते सगळं मर्यादेत होतं. गावाच्या मते यंत्र कंपनीचं होतं.

बोगद्याला सगळ्यात जवळचं घर हिराबाईचं. साठीची, काटक, नऊवारी खोचून दिवसभर कामात. नवरा वारलेला. मुलगा काशिनाथ तळोज्याला कारखान्यात जायचा. सून मनीषा पदवीपर्यंत शिकलेली, पहिलटकरीण, तिसरा-चौथा महिना असेल. घर नवऱ्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, पक्कं, पण मागची खोली नंतर जोडलेली. त्या खोलीच्या दरवाजावरून एक भेग तिरकी छतापर्यंत गेली होती. ताजी, स्वच्छ, बिस्किटासारखी. बाळंतपण झालं की सून आणि बाळ याच खोलीत राहायचे होते. बाकीच्या दोन खोल्यांतून माणसांची ये-जा, ही एकच निवांत.

“खोली बरी हाय का नाय, येवरं सांगा,” हिराबाई म्हणाली. “पोर जलमायच्या आधी सांगा. मंग सांगून कय उपेग?”

मी काच लावली. पद्धतीप्रमाणे म्हणालो, “सांभाळा.”

सोबत कंपनीचे देसाई होते. लोकांशी बोलणं हे त्यांचं काम, आणि ते गोड बोलत. त्यांनी माझ्या वाक्याला शेपूट जोडलं, “मावशी, लाइटच्या मीटरला सील असतं ना, तसं समजा. तुटायला नको.”

तेव्हा मला ते सोयीचं वाटलं.

गल्लीतल्या आणखी काही घरांत काचा लावल्या. पुढच्या फेरीला गेलो तर त्यातल्या बऱ्याच फुटलेल्या. हिराबाईची शाबूत. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. देसाईंनी हसून माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुम्हीच सांगा. सगळ्यात जवळच्या घरातली काच धडधाकट, आणि लांबच्यांच्या फुटल्या. सुरुंग काय घरं निवडून हलवतो?”

मुद्दा बिनतोड होता. मी तो अहवालात लिहिला. याचा अर्थ एकच निघत होता: बाकीच्यांनी काचेचं मर्म कुठूनतरी ऐकलं होतं आणि लाटणी चालवली होती. कंपनीने गल्लीचे सगळे दावे अडवून ठेवले.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. त्यानंतर मी गेलो तेव्हा नळावर एक बाई मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “हिराबायची काच सोन्याची हाय गो. कंपनीने घालून दिलीय. ती कशी फुटंल?”

दुसरी म्हणाली, “काचेचा नाय, तोंडाचा सोना केलाय तिचे. बोलतंय का बघ कंपनीला काय.”

हिराबाई हंडा भरून मान वर न करता निघून गेली. घरी काशिनाथ माझ्यावर चिडला. “साहेब, गल्लीत कोण बोलत नाय आता आमच्याशी. मी काल गावाच्या मीटिंगला गेलेलो, तर सरळ बोलले, तू कंपनीचा माणूस, बाहेर हो. आमचीच भिंत फाटलीये आणि आम्हीच चोर?”

“तुमची काच शाबूत आहे,” मी म्हणालो.

“मग? चांगलंच आहे ना ते? आईने सांभाळलीये नीट.”

मला त्याचा राग खोटा वाटला. संशयाने बघायची सवय लागली की माणसाचा खरा चेहराही बेतलेला वाटतो.

त्याच दिवशी मागच्या खोलीत जाताना दरवाजा मला जड लागला. ढकलला तर चौकटीला घासून आवाज झाला. वर पाहिलं. दरवाजाची वरची कड रंधा मारून नुकतीच उतरवलेली होती, उघडं लाकूड पिवळं दिसत होतं. म्हणजे चौकट दबली होती, दार अडकत होतं, म्हणून कोणीतरी ते तासलं होतं. चौकट दबते तेव्हा वरची भिंत हलते. भिंत हलली तर काच फुटलीच पाहिजे.

काच मात्र शाबूत.

मी स्टुलावर चढून ती भिंगातून पाहिली. खूण तीच, तारीख तीच. पण ‘४’ माझा नव्हता. माझ्या ‘४’ची शेपूट लहान असते, ही लांब आणि डौलदार होती. रंगही ऑइलपेंट नव्हता. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. नेलपॉलिश.

खाली उतरलो, चहा घेतला, निघालो. माझ्या लेखी सगळं जुळलं होतं. काच फुटली होती, आणि कोणीतरी ती गुपचूप बदलून शाबूत बसवली होती. फुटलेली काच लपवण्यात फायदा कोणाचा? कंपनीचा. म्हणजे देसाईंनी या घराला काहीतरी कबूल केलं होतं, आणि गल्लीतल्या बायका म्हणत होत्या ते खरं होतं.

घरी येऊन नलिनीला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कणीक मळत होती.

“त्यांना विचारलंत का?” ती म्हणाली.

“विचारून कोणी सांगतं का?”

“नाही सांगत. पण विचारलंत का?”

“नलू, या धंद्यात विचारायचं नसतं, पकडायचं असतं.”

तिने कणकेवर ओला हात फिरवला. “तुम्ही त्या बाईला काच कशाला लावली हे सांगितलं नाहीत. आता तिने काय केलं हे विचारत नाही. मग तुमच्या दोघांत बोलणं कसलं झालं? नुसता चहाच.”

मी म्हणालो, “तू ठीक आहेस ना? दमलेली दिसतेस.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “उद्या जा आणि विचारा.”

दुसऱ्या दिवशी गेलो. देसाईंना कळवलं नाही. हिराबाई ओट्याशी कोळंबी सोलत होती, मनीषा दाराशी तांदूळ निवडत होती. मी सरळ विचारलं.

“हिराबाई, मागच्या खोलीतली काच कोणी बदलली?”

तिचा हात थांबला नाही. “मी.”

इतक्या सहज उत्तराची माझी तयारी नव्हती. “कोणी सांगितलं बदलायला?”

“कोन सांगनार? फुटली म्हून बदलली.”

“केव्हा?”

“कंची? पयली का दुसरी?” आता तिने मान वर केली. “चार वेला फुटली, साहेब. तुमची काच लय नाजूक. जरा जाडी आना ना.”

मनीषाने तांदळाचं ताट खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता. “नंबर मी लिहिला, सर. नेलपॉलिशने. आईंचं काही नाही त्यात. त्या म्हणाल्या, साहेबांचा नंबर पुसला तर साहेबांना वाटेल आपण काच हरवली.”

“पण फुटलेली काढली कशाला?”

हिराबाई माझ्याकडे असं पाहू लागली, जणू मी फार शिकलो असेन, पण माझ्या घरात कोणी बाईमाणूस नसावं. “पोटुशी बाय हाय घरान. फुटकी काच भितीवर ठेवतान का? जाता-येता तिची नजर परते. आन तुमचाच साहेब बोलला ना, मीटरच्या सीलावानी हाय, तुटला नाय पायजे. सील तुटला तं दंड बसतो. म्हून फाट्यावर फोटोच्या फ्रेमवाल्याकडं गेलू, काच कापून आनली, पुट्टीन बसवली. तुमी बोललेलाव सांभाला. सांभालली.”

मी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसलो. आयुष्यभर काचा फोडणारे लोक पाहिले. त्यांच्यासाठी सगळी पद्धत बेतलेली. फुटलेली काच जोडून ठेवणारं माणूस त्या पद्धतीत कुठेच बसत नव्हतं.

मग मी पद्धत मोडली. काच कशासाठी असते, फुटली तर काय, नाही फुटली तर काय, सगळं सांगितलं. गल्लीचे दावे तिच्या शाबूत काचेमुळे अडले, हेही सांगितलं.

हिराबाईने कोळंबीचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाली, “म्हंजे फुटली तवाच आमी खरं ठरनार व्हतू?”

“हो.”

“आन हे तुमाला ठाव व्हता?”

“हो.”

“मंग बोललाव का नाय?”

मी खरं ते सांगितलं. “सांगितलं तर लोक मुद्दाम फोडतात.”

“आमी फोरली असती?”

ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “बरा हाय. कंपनीला आमी चोर, गल्लीला आमी चोर, आन तुमाला तं आमी चोरी करायच्या आधीच चोर.”

मग मी विचारलं, फुटलेल्या काचांचं काय केलं? मला वाटलं कचऱ्यात गेल्या असतील. पण अनवाणी फिरणाऱ्या घरात काच कचऱ्यात टाकत नाहीत. ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे शेवग्याच्या झाडामागे नवीन कुंपणाची भिंत होती. बोगद्याचे कामगार येता-जाता शेंगा तोडून न्यायचे, म्हणून काशिनाथने बांधलेली. भिंतीच्या माथ्यावर सिमेंटमध्ये काचा उभ्या रोवल्या होत्या. बाटल्यांचे तुकडे, एका आरशाचा कोपरा, आणि त्यांच्यात मध्ये मध्ये माझ्या पट्ट्या. एकीवर ऊन पडलं होतं. त्या तुकड्यावर लाल ऑइलपेंटमध्ये माझं अक्षर होतं, तारखेसकट. पुढच्यांवर नेलपॉलिश. मी दर फेरीला याच भिंतीकडे तोंड करून हात धुतले होते.

देसाईंना बोलावलं. त्यांनी भिंत पाहिली, फोटो काढले आणि मान हलवली.

“सर, कालपर्यंत काच शाबूत होती. आज तुम्ही त्यांना अर्थ सांगितलात आणि आजच तुकडे सापडले. सुरुंगाने फुटले की लाटण्याने, हे काही तुकडे सांगत नाहीत. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?”

मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून मला राग आला नाही.

शेवटी ठरलं ते असं. सगळ्यांसमोर नवीन काच लावायची. खोलीची खिडकी बाहेरून फळीने बंद करायची. दाराला दोन कुलुपं, एक कंपनीचं आणि एक गल्लीचं. कंपनीची किल्ली देसाईंकडे, गल्लीची नळावरच्या त्याच बाईकडे, जी हिराबाईच्या काचेला सोन्याची म्हणाली होती. माझं कुलूप लावावं असं कोणीच सुचवलं नाही.

हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. “माजी खोली, आन माजाच कुलूप नाय. वा.”

काच लावण्याआधी मी गल्लीतल्या सगळ्यांना आत बोलावून ती काय करते ते सांगितलं. देसाई अस्वस्थ झाले. एकाने विचारलं, “येवरा सोपा हाय त आदी का नाय सांगितला?” कोणीतरी मागून म्हणालं, “फी कमी व्हते.” सगळे हसले. मीही हसलो.

आठवडा गेला. सुरुंग वेळच्या वेळी उडत राहिले. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्या, कुलुपं निघाली. काशिनाथने दार ढकललं, ते परत अडकलं. खांदा लावून उघडावं लागलं.

काच जागेवर होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी, केसासारखी रेघ गेली होती. तुकडा पडला नव्हता.

देसाईंनी हेल्मेट काढून काखेत धरलं. सवयीने त्यांनी खिडकीकडे पाहिलं. फळी जशीच्या तशी होती. किल्लीवाली बाई हिराबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आणि हिराबाईचा हात नकळत काचेकडे गेला, फुटकी काढायला. अर्ध्यात थांबला.

“लावू का नको हात?”

“नको,” मी म्हणालो. “राहू दे.”

माझा नवा अहवाल गेला. जुना मी मागे घेतला, कारणासकट. नलिनीने तो तपासला आणि पहिल्यांदाच लाल पेन न लावता परत दिला. कंपनीने त्या भागात सुरुंगांची ताकद कमी केली, गल्लीचे दावे पुन्हा उघडले. हिराबाईच्या मागच्या खोलीला टेकू लागले, आणि घर दुरुस्त होईपर्यंत कुटुंबाला डोंबिवलीत भाड्याची जागा मिळाली. नात तिथेच जन्मली, तिसऱ्या मजल्यावर. घराला मागचं दार नाही, शेवगा नाही, कोळंबी सोलली की शेजारी नाक मुरडतात, असं हिराबाई फोनवर सांगते. मूळ घर अजून टेकूवर आहे. ही गोष्ट पुरती जिंकली असं मी म्हणणार नाही. खोली मुलीच्या डोक्यावर पडली नाही, एवढं म्हणता येतं.

मागच्या हिवाळ्यात नलिनी गेली. आजार उशिरा कळला. आम्हाला उशिरा कळला असं मी लोकांना सांगतो. पण कणीक मळायला ती स्टुलावर कधीपासून बसू लागली होती, हे मी नंतर आठवून पाहिलं. दरवाजाची तासलेली कड मला एका नजरेत दिसली. स्वयंपाकघरातला स्टूल मात्र वरच्या फळीवरचे डबे काढायला आणला असेल, असं मी धरून चाललो. मी विचारायचो, ती ‘ठीक आहे’ म्हणायची. धंद्यात कोणाच्या ‘ठीक आहे’वर मी कधी विसंबलो नाही. घरात विसंबलो. तिने ते ‘ठीक आहे’ कशासाठी सांभाळलं असेल ते मला कळतं. सुट्टीत मुलगी आणि नातवंडं यायची होती, माझी त्या गावाची कामं चालली होती. घरात फुटकी काच नको.

दिवस झाल्यावर हिराबाई आणि काशिनाथ भेटायला वर्तकनगरला आले. सोबत शेवग्याच्या शेंगांची जुडी, त्याच झाडाच्या. हिराबाई नलिनीच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. आणि तिची नजर अडकली. फ्रेमच्या काचेला कोपऱ्यातून तडा होता. फोटो लावताना माझ्याच हातून भिंतीवर आपटला होता, तसाच राहिला.

“आई, चल,” काशिनाथ हळूच म्हणाला.

ती हलली नाही. फोटोच्या कडेने तिने बोटांनी माप घेतलं, वीत आणि चार बोटं. मग माझ्याकडे वळली. कोणाची थट्टा करताना असतो तसा चेहरा नव्हता.

“साहेब, ही बदलू का? का नोंद घ्यायची बाकी हाय?”

मी तड्याकडे पाहिलं. मग म्हणालो, “बाकी आहे.”

“मंग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “घेऊन जाली का फोन करा. माप हाय माज्याकडं.”

हे लिहायला मी इतके दिवस का लावले, ते संपादकांना आता कळेल. मजेशीर फारसं झालं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. या लेखाचं पाकीट बंद केलं की हिराबाईला फोन करणार आहे.